चिंधीची मूठ

आमच्या घरात माणसं चार होती आणि कुत्री पाच. घरात कुणाचं ऐकायचं असा सवाल आला की माझा नंबर नववा लागायचा. शाळेत मी गेलो तो दीड दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचा वाघ्या मला हुडकत वर्गात शिरला, मास्तर खुर्चीवर चढले, आणि तिथं माझं शिक्षण पुरं झालं. म्हणून आता मी बोलतो आणि नात लिहिते. ती मधेच हसते, त्यामुळं अक्षर वाकडं आलं असेल तर दोष तिचा. बाकी यात जे जे दोष दिसतील ते माझे.

माणसं म्हणजे आबा, माय, माझी थोरली बहीण आक्का आणि मी, लोटन. माझ्या आधीची दोन पोरं जगली नाहीत, म्हणून मी झाल्यावर सुईणीनं मला उकिरड्यावर एकदा लोळवलं, देवाला वाटावं की टाकाऊ माल आहे, आणि नाव ठेवलं लोटन. देवाला ते पटलं. गावालाही पटलं. कुत्र्यांत वाघ्या सगळ्यांत म्हातारा. तो बैलगाडी निघाली की खाली दोन चाकांच्या मधल्या सावलीत चालायचा, आणि त्याला वाटायचं गाडी तोच ओढतोय. लांड्याची शेपूट कुणी तरी लहानपणीच कापलेली, तो खळ्यावर असायचा. काळू आणि भुऱ्या भाऊ भाऊ. तापीकाठच्या आमच्या केळीत रात्री रानडुकरं यायची, ती हाकलायला आबानं आणलेले, पण डुकरं आली की दोघं आधी माझ्या खाटेखाली यायचे. आणि पाचवी चिंधी.

चिंधी आक्काबरोबर आली. आक्का खांडबाऱ्याकडच्या एका गावात दिली होती. चार वर्षं झाली, पोर नाही, म्हणून तिच्या नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला सांगितलं, गोठ्यात ऱ्हाय. आबाला कळलं तसा तो गेला. आगगाडीनं, मग नावेतून तापी उतरून, मग गाडीनं, असा तो तिला घेऊन आला. गाडीतून एक पत्र्याची पेटी उतरली, आक्का उतरली, आणि तिच्या कडेवर फडक्यात गुंडाळलेलं काही तरी होतं. माय धावली. तिला वाटलं नातवंड. फडकं उघडलं तर आतून तांबडं पिल्लू माझ्याकडं बघून गुरगुरलं. तेव्हापासून ते मरेपर्यंत चिंधीनं माझ्याबद्दलचं मत बदललं नाही.

पाच कुत्री पाळली की घराचं काय होतं हे ज्यानं पाळली नाहीत त्याला सांगून कळायचं नाही. माय पहाटे दादर ज्वारीच्या भाकरी थापायला बसायची. आमच्याकडं शेवटची भाकर कुत्र्याची. एक कुत्रं असलं तर शेवटची भाकर एक असते. आमच्याकडं शेवटच्या भाकरी दहा. पहिल्या भाकरीपासून पाचही जण चुलीकडं तोंड करून झोपायचे, थापण्याच्या आवाजानं त्यांचा कानसुद्धा हलायचा नाही. पण माय काठवट हातानं खरवडायला लागली, लाकडावर नखं वाजली, की पाचही उठून उभे. आणि मी तेव्हा जेवत असायचो. चिंधी माझ्या ताटलीसमोर बसून माझ्या तोंडाकडं असं बघायची की मला वाटायचं, मीच तिचं खातोय. मी "हाड" म्हटलं की शेजारच्या तीन घरांची कुत्री पळायची. आमची तिथंच पाय पसरायची. माझं धोतर काळू-भुऱ्याच्या अंथरुणात सापडायचं. माझी वहाण तर मी जोडीनं कधी घातलीच नाही. चिंधीला कातड्याची चटक होती. मी शहाद्याच्या बाजारातून नवी वहाण आणायचो, रात्री ती उशाला घेऊन झोपायचो, सकाळी डाव्या पायाची असायची आणि उजव्या पायाचा फक्त खिळा.

न्हावी आमच्या ओट्यावर यायला तयार नव्हता. तो मला गल्लीच्या तोंडाशी दगडावर बसवायचा. एकदा त्यानं अर्धं डोकं केलं आणि लांड्या चौकशीला आला. न्हावी धोपटी टाकून पळाला, तो पुढच्या आठवड्यालाच उगवला. आठ दिवस मी एका बाजूनं संन्यासी आणि एका बाजूनं संसारी असा गावात हिंडलो. संसाराची बाजूही फुकटच होती. मला बघायला दोनदा पाहुणे आले. पहिले वेशीतूनच परतले. दुसरे आले ते थेट बैलांच्या गव्हाणीत चढले आणि तिथूनच त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. जाताना म्हणाले, "पोऱ्या बरा शे, आबा. पन आमनी पोरले पाय शेत, पंख नहीत." मी अठरा-एकोणीस वर्षांचा घोडा. मला काय वाटलं असेल! मी त्या रात्री आबाला म्हणालो, एक तर ही कुत्री ठेव, नाही तर मला. आबानं विडी पेटवली आणि इतका वेळ विचार केला की मी घाबरून म्हणालो, ऱ्हाऊ दे, मी सहज बोललो.

आता ज्या श्रावणाची गोष्ट सांगायची आहे त्याच्यासाठी आधी कानबाई सांगितली पाहिजे. आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. पाटावर नारळ मांडायचा, त्याला डोळे, नथ, दागिने, हिरवं लुगडं, आणि ती मग माणसासारखी बघायला लागते. सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची. आमच्या भाऊबंदकीची सात घरं, पण कानबाई एकच, आणि ती आमच्या घरी. नदीवर न्हाऊन आली की नारळ वर्षभर आमच्याच देव्हाऱ्यात. आमच्या घरी सोनंनाणं नव्हतं, शेत बेताचं, मुलगा हा असा. मायला गावात जो काय मान होता तो कानबाईचा. सात घरच्या बाया त्या दोन दिवसांत तिला विचारल्याशिवाय तुपाचा थेंब हलवायच्या नाहीत.

कानबाईचं खरं काम म्हणजे रोट. सातही घरांतले जेवढे पुरुष, अगदी पाळण्यातला धरून, तेवढ्यांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू काढायचे, जात्यावर दळायचे, आणि माणशी एक असे जाड रोट भाजायचे. ज्याचा रोट, त्यातच त्याची बायको, त्यातच त्याची लेकरं. पण भाऊबंदकीच्या बाहेर त्यातला कण जाता कामा नये. जावयाला नाही, मित्राला नाही. पोर लग्न होऊन गेली की तिलाही नाही. ती दुसऱ्याच्या रोटातली झाली. खाली पडलेला तुकडा उचलून खायचा, हात धुतलेलं पाणीसुद्धा खड्डा करून त्यात ओतायचं, कुणी ओलांडू नये म्हणून. उरलेले रोट पुनवेच्या आत घरातल्यांनीच संपवायचे. आता नव्या घरांत हे सगळं फ्रीजमधे ठेवतात, पण नियम तोच.

अशा घरात पाच कुत्री! म्हणून दर साली माझं काम ठरलेलं. रविवारी सकाळी पाचांना मळ्यात न्यायचं, झोपडीच्या खांबांना बांधायचं आणि सोमवारी कानबाई नदीवर जाईपर्यंत त्यांच्याजवळ बसायचं. घरी वाजंत्री, पुरणपोळी, गंगाफळाची भाजी, कटाची आमटी, बायांच्या फुगड्या. आणि मी मळ्यात, पाच कुत्र्यांच्या मधोमध, भिजलेल्या गोणपाटावर. माझा रोट मला मंगळवारी मिळायचा. तोवर तो असा व्हायचा की त्यानं खुंटी ठोकावी. गरम रोट कसा लागतो हे मला माहीत नव्हतं. वय एकोणीस, आणि कानबाईचं तोंड मी फक्त नारळ झाल्यावर पाहिलेलं.

त्या साली मी ठरवलं, बस झालं. सकाळी भाकरीचे तुकडे टाकत टाकत मी कुत्र्यांची वरात मळ्यात नेली, एकेकाला धरून बांधलं. बोटांवर मोजले. पाच बोटं, पाच कुत्री. पाचवं जरा जास्त गुरगुरत होतं, पण आमच्याकडं माझ्यावर गुरगुरणं ही काही नवी ओळख नव्हती. मी म्हटलं, बांधलेल्या कुत्र्याजवळ बसलेला माणूस कशाला लागतो? आणि आडवाटेनं घरी आलो. अंगावर शहाद्याहून आणलेलं नवंकोरं पांढरं धोतर. पायात एकच वहाण, कारण दुसरी चिंधीनं पहाटेच पट्ट्या-खिळ्यासकट संपवली होती.

मायनं मला बघून कपाळाला हात लावला. "लोट्या, तू आठे कसा उना? कुत्रा कोठे शेत?"

"बांधी टाकात."

"पाचही?"

"मोजीसन बांधात, माय. कानबाईनी आन."

आक्का चुलीशी होती. एकेचाळीस रोट तिनंच मळले होते, तिनंच भाजले होते. सकाळी दौलतबा, म्हणजे आबाचा थोरला चुलतभाऊ, भाऊबंदकीचा कारभारी, दारात उभा राहून मायला म्हणाला होता, "हाई पोरना हात चालस का रोटले?" आणि स्वतःच उत्तर दिलं होतं, "हात चालस. तोंड नही चालत." आक्का तेव्हा हसली होती. ती हसायची तेव्हा माझ्यासारखीच दिसायची, म्हणून तिच्या हसण्याकडं कुणी लक्ष द्यायचं नाही.

दुपारी वाजंत्रीवाले आले तशी सगळी माणसं अंगणाच्या तोंडाशी गेली. रोटांची टोपली कानबाईच्या पाटाशेजारी, वर फडकं. मी तिथंच घुटमळत होतो, खोटं कशाला बोलू, वासासाठी. तेवढ्यात कणगीच्या मागून चिंधी निघाली. झोपेतून उठल्यासारखी. तिनं आळस दिला, फडकं नाकानं बाजूला केलं, वरचा रोट दातांत धरला आणि सात घरच्या माणसांच्या मधून, शेपूट वर, अजिबात घाई न करता चालत गेली. गेली ती आक्काकडं. आक्काच्या पायांत बसली आणि पुढचे पाय रोटावर ठेवून निवांत खायला लागली, जसं काही आक्कानंच वाढलंय.

वाजंत्री थांबली.

"रोट गया!" दौलतबा ओरडला. "आरे, कुत्रीनी रोट खादा! लोट्या, तू तर म्हने बांधेल शेत!"

माझी अक्कल अशा वेळी फार चालते. मी म्हणालो, "बाबा, हाई चिंधी नही शे. चिंधीले मी मयामा बांधेल शे. हाई दुसरी कोनी तरी."

आक्काच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "चिंधे!" आणि त्या दुसऱ्या कुणी तरीनं शेपूट हलवली.

"मंग तू बांधं कोनले?" दौलतबानं विचारलं. मला ते ठाऊक असतं तर मी सांगितलं असतं. तेवढ्यात त्याचा नातू पुढं आला. "बाबा, आपला राजा सकायथीन दिसी नही ऱ्हायना." राजा म्हणजे दौलतबाचं लाडकं कुत्रं, रंगानं चिंधीसारखंच तांबडं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. दौलतबा हसला नाही. तिथंच माझं मरण पक्कं झालं.

तो ओट्यावर बसला आणि त्यानं आबाला समोर बसवलं. दौलतबाला कानबाई आपल्या घरी पाहिजे होती हे सगळ्यांना माहीत होतं. त्याचं घर मोठं, ओटा मोठा, फक्त नारळ नव्हता. तो म्हणाला, "भाऊबंदबाहेरना तोंडमा रोट गया. आते कानबाई ह्या घरमा कशी ऱ्हाई?"

आबा कधी बोलायचा नाही. त्यानं विडी विझवली. "ती घरनीच शे."

"घरनी शे म्हनीसन भाऊबंद व्हयनी का?" दौलतबा म्हणाला. "तुन्ही आंडेर बी घरनीच शे. तिले देस का तू रोट?"

आंडेर म्हणजे लेक. आक्का चिंधीच्या कानामागं खाजवत होती. तिचा हात थांबला, आणि मग परत चालू झाला. आबा विझलेली विडी बोटांत फिरवत होता. मी अंगणभर नजर फिरवून पळायला वाट कुठून आहे ते बघत होतो.

मग दौलतबानं तोड काढली. त्याच्या बापानं सांगितलेलं होतं म्हणे, की बाहेरच्याला रोट पचत नाही, ओकारी होते. "दिन बुडाले लागालोंग देखूत. कुत्री ओकनी, तर उद्या नदीवरथीन नारय मन्हा घर. नही ओकनी, तर मी तोंड उघडाव नही."  मायनं पदराचं टोक दातांत धरलं आणि कानबाईसमोरचा दिवा सारखा करायला गेली. दिवा सरळच होता.

आणि मग आमची सगळी भाऊबंदकी, शंभरेक माणसं, पोराबाळांसकट, वाजंत्रीवाल्यांसकट, एका कुत्रीकडं बघत बसली. ती कधी ओकते म्हणून. मी आयुष्यात बरेच तमाशे पाहिले, पण एवढी माणसं इतकी गप्प कुठं बसलेली पाहिली नाहीत. चिंधीनं जांभई दिली तरी पुढच्या रांगेतली माणसं पुढं झुकायची. ती शिंकली तेव्हा दौलतबा उभाच राहिला.

मी एकटा घामाघूम. कारण मला एक गोष्ट माहीत होती, जी त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. चिंधीच्या पोटात पहाटेपासून माझी उजवी वहाण होती. आणि वहाण खाल्ली की चिंधी संध्याकाळच्या आत ती परत द्यायचीच, हा आमच्या घरचा नित्याचा व्यवहार होता.

दिवस कलायला लागला तशी ती उठली. पाठ कमानीसारखी केली, मान खाली घातली, आणि हळूच कडब्याच्या गंजीमागं गेली. मी "धार मारी येस" म्हणून तिच्या मागं. तिथं जे व्हायचं ते झालंच. सगळं, भसकन. आणि पलीकडून दौलतबाच्या पावलांचा आवाज. झाकायला हाताशी काही नव्हतं. माझ्याजवळ काय होतं? नवं धोतर आणि मी. मी बसलो. बरोब्बर त्याच्यावर बसलो.

"तू आठे काय करी ऱ्हायना?" दौलतबा.

"बसेल शे, बाबा."

"आठे?"

"आठे गार वाटस."

"ऊठ, कुत्रीले देखू दे."

"पाय मुरगयी गया. उठता नही येत."

चिंधी तोवर मोकळी होऊन, ताजीतवानी, शेपूट हलवत परत आक्काकडं निघून गेली होती. दौलतबानं तिला जाताना पाहिलं, मला पाहिलं, आणि तो जायचं सोडून तिथंच एका ओंडक्यावर बसला. दिवस बुडायला लागेपर्यंत बसला. माशा आल्या. खालून धोतराला ओल चढायला लागली. त्यानं दोनदा नाक फेंदारलं. "काय वास ई ऱ्हायना रे?"

"मन्हाच शे, बाबा," मी म्हणालो.

त्याला ते लगेच पटलं. मला आजही त्याचंच वाईट वाटतं, की त्याला क्षणभरही शंका आली नाही.

दिवस बुडायच्या बेताला आला तसा तो उठला, ओट्यावर गेला आणि बोलला. माणूस कडक होता, पण शब्दाचा होता. "ओकनी नही. मंग पचना. पचना म्हनजे भाऊबंद. नारय आठेच ऱ्हाई." मायच्या हातातला पदर सुटला. पण दौलतबाचं संपलं नव्हतं. "पन मूठ एकेचाळीस आनी रोट उरनात चाळीस. कोनना रोट खादा कुत्रीनी?" सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मग सगळ्यांनी कडब्याच्या गंजीकडं पाहिलं. तिथं फक्त माझं डोकं दिसत होतं. "लोट्याना," दौलतबा म्हणाला. "ह्या साल चिंधी भाऊबंद, आनी लोट्या कुत्रा. पुढला सालले तिन्ही येगळी मूठ काढा." तो हे टोमणा म्हणून बोलला. सगळे पोट धरून हसले. आबा हसला नाही. त्यानं मान हलवली, जसं पंचायतीत निकाल ऐकून हलवतात.

माणसं आरतीला आत गेली तशी आक्का राख आणि झाडू घेऊन माझ्याकडं आली. म्हणजे तिनं पाहिलं होतं. मी उठलो. तिनं काडीनं चाळवून बघितलं, निवांत, धान्यातले खडे बघावेत तसं. "वहाणना पट्टा शे हाऊ," ती म्हणाली. "आनी हाऊ खिया. रोटना कन बी नही शे यामा."

"म्हनजे?"

"म्हनजे तू बसना नसता तरी चालतं."

शहाद्याचं धोतर! त्यानंतर मी मळ्यात जाऊन दौलतबाच्या राजाला तेवढं सोडून आणलं, आणि त्यानं मला पोटरीला चावून त्याचा दिवस फुकट गेल्याची भरपाई करून घेतली. परत आलो तेव्हा आत रोट मोडले जात होते. तुपाचा वास अंगणापर्यंत. मला मायनं ओसरीतच थांबवलं, डोळ्यांनीच माफी मागितली, आणि माझ्या हातावर भाकर ठेवली. तव्यावरची शेवटची. गंगाफळाच्या भाजीबरोबर. मी भिंतीला टेकून बसलो, सगळ्या जगावर चिडलेला. मी माणूस, माझा रोट कुत्रीच्या पोटात, आणि कुत्रीची भाकर माझ्या हातात. तेवढ्यात आक्का आपली ताटली घेऊन आली आणि माझ्याशेजारी बसली. तिच्या ताटलीतही भाकर.

मी म्हणालो, "तू आठे कशी?"

"मी दर सालले आठेच बसस," ती म्हणाली. "तू मयामा ऱ्हास, म्हनीसन तुले दिसत नही."

 मी बोटांवर मोजलं. चार वर्षं ती परत आली त्याला झाली होती. चार श्रावण. मी मळ्यात कुत्र्यांच्या मधे बसून रडगाणं गात होतो की माझ्यावर अन्याय होतो, मला गरम रोट मिळत नाही. पुनवेपर्यंत घरात रोट होते आणि पुनवेपर्यंत आम्ही दोघं ओसरीत भाकर खाल्ली. मी रोज कुरकुरायचो. ती म्हणायची, "तुन्हं तर एकच साल शे."

पुढच्या साली मुठी काढायच्या वेळी आबा स्वतः गव्हाच्या पोत्याशी बसला. नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ टाकायची. एकेचाळीस झाल्यावर त्यानं पुन्हा पोत्यात हात घातला. "चिंधीनी," तो म्हणाला. दौलतबानं तोंड उघडलं आणि मिटलं. शब्द त्याचाच होता. त्या साली बेचाळीस रोट झाले, आणि चिंधीचा रोट चिंधीला खायला घालण्याचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. मी तो कडब्यामागं नेला. दोन तुकडे केले. एक चिंधीसमोर टाकला. दुसरा घेऊन आक्काला हाक मारली.

तिनं हात मागं घेतला. "मन्हा तोंडले चालत नही."

मी म्हणालो, "ज्याना रोट, त्यामा त्यान्हं घर. हाऊ चिंधीना रोट शे. आनी चिंधीले घर कोन शे? सांग."

तिनं चिंधीकडं पाहिलं. मी तेव्हा काही फार हुशारीचं बोललो असं मला वाटलं नव्हतं. तिनं भाकर खायची आणि मी एकट्यानं गरम रोट गिळायचा, याची मला अडचण होत होती, एवढंच. तिनं तुकडा घेतला. छोटा घास मोडला, चावला, थांबली, आणखी एक मोडला. मी वाट बघत होतो, आता रडेल, नाही तर हसेल. तिनं कपाळाला आठी घातली.

"मीठ कमी शे," ती म्हणाली. "पाच साल व्हयनात मी करस. कोनी सांगं नही मले."

त्यानंतर आमचे रोट सुधारले. गावात मायचं नाव झालं. चिंधी आणखी नऊ वर्षं जगली, तिनं माझ्या बऱ्याच वहाणा खाल्ल्या, आणि गेली तेव्हा आबानं तिला केळीच्या बागेत पुरलं. पुढच्या श्रावणात सगळ्यांना वाटलं, आता मूठ बंद. आबानं पोत्यात हात घातला आणि म्हणाला, "चिंधीनी."  आबा गेला, मग ते काम माझ्याकडं आलं. माझं लग्न झालं, हो, झालं. मुलीकडच्यांनी मला त्यांच्याच गावी बोलावून बघितलं. आक्का आमच्याच घरी म्हातारी झाली आणि आमच्याच घरी गेली.

आता सात घरांची बावीस झालीत. पोरं सुरतेला, नाशकाला. मुठी वाढल्या. घरात कुत्रं एकच आहे, ते पाकिटातलं खातं आणि माझ्याकडं बघतही नाही. यंदाही मी शेवटी पोत्यात हात घातला आणि म्हणालो, चिंधीनी. सुना हसल्या. नात म्हणाली, आजोबा, ती कुत्री मरून किती वर्षं झाली? मी म्हणालो, दौलतबाचा निकाल आहे, मी कोण मोडणार. मग तो रोट घेऊन मी मागच्या अंगणात जातो. तिथं आता कडबा नसतो, नातवाची गाडी उभी असते. मी दोन तुकडे करतो. एक गल्लीतल्या कुत्र्याला टाकतो. ते माझ्यावर गुरगुरतं आणि खातं. दुसऱ्याला आधी थोडं मीठ लावतो.